ठाणे-डोंबिवलीकरांनी ग्वांगझूत काय खावं?

ठाण्याच्या बंदरातून पुढे जाऊन दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला पोहोचलेल्या आणि तिथल्या बाजाराचं, खाण्याचं वर्णन मागे ठेवून गेलेल्या एका माणसाची नोंद आजही वाचायला मिळते. पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन संन्यासी. होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांचा समुद्रप्रवास करून तो १३२२च्या सुमारास ठाण्यात उतरला. त्याच्याच पंथाचे चार धर्मोपदेशक १३२१च्या एप्रिलमध्ये इथे मारले गेले होते. त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन तो मलबार, मैलापूर, सुमात्रा, जावा आणि चंपा अशा टप्प्यांनी चीनला पोहोचला. तिथलं त्यानं पाहिलेलं पहिलं मोठं शहर म्हणजे ग्वांगझू, आपल्या जुन्या पुस्तकांतलं कँटन. मायदेशी परतल्यावर १३३०मध्ये पडुआ इथे त्यानं प्रवासवर्णन सांगून लिहवून घेतलं. त्यात या शहराबद्दल जे आहे ते बहुतेक बाजाराबद्दलच आहे. शहर व्हेनिसच्या तिप्पट, जहाजं अख्ख्या इटलीत नसतील इतकी, ताजं आलं एका किरकोळ नाण्याला तीनशे पौंड, दुधासारखे पांढरे थोराड राजहंस शिजवून-सवरून अगदी स्वस्तात मिळणारे, आणि साप तर मेजवानीचा मान असलेले. सातशे वर्षांनंतरही यातल्या दोन गोष्टींवर ग्वांगझूचं स्वयंपाकघर उभं आहे: आलं आणि भाजलेला राजहंस.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून ग्वांगझूला जाणारा माणूस मात्र मनात वेगळंच चित्र घेऊन निघतो. त्याच्या ओळखीचं चायनीज म्हणजे स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं. लालभडक शेजवान राइस, ट्रिपल राइस, मंचुरियन, लॉलीपॉप, मंचाव सूप, चायनीज भेळ. ग्वांगझूत गेल्यावर यातलं काहीच भेटत नाही. मग एक तर निराशा पदरी येते, नाहीतर भीतीपोटी बॅगेतला चिवडा, ठेपले आणि गरम पाणी ओतून खायची पाकिटं बाहेर निघतात. माझं म्हणणं असं, की ही निराशा आणि ही भीती दोन्ही एकाच चुकीच्या तुलनेतून येतात. ग्वांगझूच्या खाण्याची तुलना गाडीवरच्या चायनीजशी करायचीच नसते. ती करायची ठाण्याच्या खाडीकाठच्या घरगुती स्वयंपाकाशी. कोळी, आगरी, सीकेपी, पाठारे प्रभू यांच्या घरांत जे रांधलं जातं आणि गणपतीत जे शाकाहारी घरांतही उकडलं जातं, त्याच्याशी हे शहर आश्चर्य वाटावं इतकं जवळ आहे.

आधी गाडीवरच्या चायनीजचा हिशेब नीट मांडू, कारण त्याचा अपमान करण्याचा हेतू नाही. या खाण्याचा पूर्वज खरोखरच ग्वांगडोंग प्रांतातून, म्हणजे ग्वांगझू ज्याची राजधानी आहे त्या प्रांतातून आला. अठराव्या शतकाच्या शेवटी टोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी कलकत्त्याजवळ साखरेचा कारखाना घालून बसला. पुढे हाक्का आणि कँटनी लोक आले. कातडी कमावणं, सुतारकाम, दंतवैद्यकी, खानावळी असे धंदे त्यांनी उभे केले. मुंबईत माझगावला १९१९ साली उभारलेलं चिनी देऊळ आहे, ते सी-यूप मंडळींचं, म्हणजे ग्वांगझूच्या नैऋत्येच्या चार तालुक्यांतून आलेल्या लोकांचं. ही माणसं मुख्यतः गोदीच्या आधारानं राहिली. १९६२च्या युद्धानंतर देशभरातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं आणि बरेच जण देश सोडून गेले. त्यानंतर कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले. १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरनं दाटपणा आणला आणि चिकन मंचुरियन तयार झालं. फोडणी आपली, रस्सा आपला, तिखट आपलं. हे मुंबईचंच अन्न आहे, जसा वडापाव मुंबईचा. त्याला नकली म्हणणं चूक आणि त्याच्यावरून चीनची परीक्षा करणं त्याहून चूक.

शेजवानची गोष्ट तर आणखी लांबची आहे. हे नाव ज्या सिचुआन प्रांताचं, त्याची राजधानी चेंगडू ग्वांगझूपासून सरळ रेषेत बाराशे किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा किंचित जास्त. सिचुआनी तिखटात मिरचीबरोबर जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी असते. ती आपल्या तिरफळाच्या कुळातली आहे. बांगड्याच्या आमटीत तिरफळ टाकणारी कोकणी आजी सिचुआनच्या स्वयंपाकघराला गाडीवरच्या सॉसपेक्षा जास्त जवळची ठरते. आणि ग्वांगझू? मिरची तिथेही पोहोचली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी ती अमेरिकेतून आणली. १७३७पर्यंत ठाणे त्याच पोर्तुगीजांकडे होतं आणि ग्वांगझूच्या तोंडाशी असलेलं मकाव १५५७पासून त्यांच्याकडे होतं. भुईमूग, पेरू, पपई, अननस या व्यापारानं दोन्ही किनाऱ्यांना दिले. पण मिरची आपण डोक्यावर घेतली, ग्वांगझूनं ती बाजूलाच ठेवली आणि शेकडो मैल आत असलेल्या सिचुआन-हुनाननं ती उचलली. याचं मला पटणारं कारण म्हणजे ग्वांगझूला ताज्या मासळीचा, ताज्या भाजीचा तुटवडा कधी नव्हता. ताजा जिन्नस झाकून टाकणारी चव तिथे नकोशी वाटते.

पर्ल नदीच्या मुखाशी असलेला हा प्रदेश नकाशावर पाहिला तरी ओळखीचा वाटावा. खाड्या, भातखाचरं, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन, पावसाळ्याचे महिने, होड्यांवर राहणारी मासेमार जमात. ठाण्याच्या खाडीला, उल्हास नदीच्या काठाला खारभूमी आणि मिठागरं होती. भात आणि मासळी हे इथलं रोजचं जेवण होतं. अशा जमिनीतून काय शिजतं ते ग्वांगझूच्या सकाळच्या चहागृहात दिसतं. टाओ टाओ जू १८८०चं आणि ल्यानशियांग लौ १८८९चं, ही दोन जुनी नावं आजही चालू आहेत. म्हातारी माणसं सकाळी सातच्या आत येऊन बसतात, चहाची किटली मागवतात आणि मग बांबूच्या चाळण्या येऊ लागतात. कोणी चहा ओतला की बोटांनी टेबलावर हलकी टिचकी मारून आभार मानायचे. गप्पा, वर्तमानपत्र, नातवंडं असं सगळं तिथेच, आणि उठण्याची घाई नाही.

या चाळण्यांतला सर्वांत नावाजलेला पदार्थ हार गाव, कोळंबीचं सारण भरलेला उकडीचा पदार्थ. त्याची पारी कशाची असते? गव्हाच्या पिठातला चिकट भाग धुऊन काढल्यावर जे पांढरं सत्त्व खाली बसतं त्याची. उन्हाळ्यात कुरडया करणाऱ्या घरांत हे सत्त्व म्हणजे गव्हाचा चीक. त्यावर उकळतं पाणी ओतायचं, हात भाजेल इतकं गरम असतानाच मळायचं, छोटी गोळी सुऱ्याच्या तेल लावलेल्या रुंद पात्यानं दाबून पातळ चकती करायची, सारण ठेवायचं आणि एका बाजूला कळ्या पाडत मिटायची. काही मिनिटांच्या वाफेत पारी इतकी पारदर्शक होते की आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. पारी फाटली, चिकटली किंवा जाड झाली तर आचारी नापास. उकडीच्या मोदकाची उकड, पारी, कळ्या आणि वाफ यांवरून सुगरण ओळखणाऱ्या आपल्या माणसांना ही परीक्षा समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की आपण ही कला मुख्यतः गोडासाठी आणि सणासाठी राखली, त्यांनी ती रोजच्या सकाळी आणली.

तांदळाचंही तसंच. चेउंग फन म्हणजे तांदूळ वाटून केलेलं पातळ पीठ कापडावर किंवा पत्र्याच्या खणात पसरून मिनिटभर वाफवायचं, ओलसर पापुद्रा खरवडून गुंडाळायचा, वर सोयाचं पाणी. घावनाच्या पिठाला तव्याऐवजी वाफ दाखवली तर असंच काही होईल. जूक म्हणजे पेज. तांदूळ फुटून, विरघळून पाण्याशी एकजीव होईपर्यंत शिजवलेली. लिवान भागातल्या पाण्यावर होड्यांतून विकली जाणारी पेज प्रसिद्ध होती आणि आजही तिच्या नावाला होडी जोडलेली आहे. तिच्यात माशाचे पातळ काप, शेंगदाणे, तळलेल्या पिठाचे तुकडे पडतात. साध्या पेजेबरोबर खारवलेली मासळी असते. आपल्याकडेही पेजेशी सुका बांगडा जातो. बोंबील, जवळा, करंदी उन्हात टाकून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या चेंदणी कोळीवाड्याला खारवलेल्या मासळीचा वास अनोळखी नाही. कालवांचं म्हणाल तर ऑइस्टर सॉस ही याच मुखप्रदेशातली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची देणगी. खाडीतली कालवं आटवून केलेला तो अर्क आज डोंबिवलीच्या दुकानातही बाटलीत मिळतो.

सगळ्यांत जवळचं साम्य दुधाचं आहे, आणि चिनी लोक दूध खात नाहीत असं मानणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. ग्वांगझूच्या पान्यू भागातल्या शावान गावी म्हशीच्या दुधाचा एक पदार्थ करतात. वाटीत आल्याचा ताजा रस. दूध साखर घालून गरम करायचं, उकळी उतरली की साधारण सत्तर अंशांवर एकदम वाटीत ओतायचं आणि हात लावायचा नाही. आल्यातल्या पाचक द्रव्यामुळे काही मिनिटांत दूध थरथरतं, जमतं, वर चमचा ठेवला तर तरंगतो. विरजण नाही, अंडं नाही, जिलेटिन नाही. ज्यानं खरवस खाल्लाय त्याला पहिल्याच घासाला तो आठवेल, जरी खरवस चिकाचा आणि हा साध्या दुधाचा. शेजारच्या शुंडेत दोन सायींचं दूध नावाचा आणखी एक प्रकार होतो. युनेस्कोनं २०१४मध्ये शुंडेला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला तो अशा घरगुती कसबामुळेच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की भात आणि मासळीच्या कुठल्याही किनाऱ्यावर हेच दिसेल, मग ठाण्याचा संबंध काय? आक्षेप रास्त आहे. एकानं दुसऱ्याकडून शिकलं असा माझा दावा नाही. ओडोरिकच्याही आधीपासून ठाणे, कल्याण, सोपारा ही बंदरं दूरच्या समुद्राशी जोडलेली होती. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशानं कल्याणचा मोठं बंदर म्हणून उल्लेख केला आहे. पण त्यावरून मोदक चीनला गेला किंवा तिथून आला असं सिद्ध होत नाही, आणि तसं म्हणण्याचा मोह टाळलेलाच बरा. मुद्दा नात्याचा नसून ओळखीचा आहे. केरळी किंवा बंगाली माणसालाही ग्वांगझू जवळचं वाटेल, हे खरं. आपल्यालाही ते वाटू शकतं, पण गाडीवरच्या लाल सॉसमुळे आपण ते पाहायला तयारच होत नाही, इतकंच सांगायचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा: तिथे साप, कुत्रं, काहीही खातात. ओडोरिकनं साप नोंदवलाच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. सार्सची साथ नोव्हेंबर २००२मध्ये ग्वांगडोंग प्रांतातच सुरू झाली आणि जंगली प्राण्यांच्या बाजारांवर तेव्हापासून बोट आहे. त्या बाजारांचं समर्थन मी करणार नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये चीननं जमिनीवरच्या वन्य प्राण्यांचा खाण्यासाठीचा व्यापार बंद केला आणि याच प्रांतातल्या शेनझेननं त्याच वर्षी मेपासून कुत्र्या-मांजरांच्या मांसावर बंदी घातली. पण मुख्य गोष्ट अशी, की चहागृहात बसलेल्या कुटुंबाच्या टेबलावर यातलं काही नसतं. तिथे कोळंबी, डुक्कर, कोंबडी, मासा, भात आणि पालेभाजी असते. आपण दिल्लीकराला किंवा परदेशी पाहुण्याला सांगतो की महाराष्ट्राचं जेवण म्हणजे नुसती मिसळ नव्हे. तेवढाच न्याय दुसऱ्यालाही द्यावा.

शाकाहाऱ्याची अडचण खरी आहे आणि ती गोड शब्दांनी मिटत नाही. पालेभाजीवर ऑइस्टर सॉस पडतो, मुळ्याच्या वडीत सुकं मांस आणि कोळंबी असते, गोड पुऱ्यांच्या पिठात डुकराची चरबी असू शकते, दोन सायींच्या दुधात अंड्याचा पांढरा भाग असतो. डोंबिवलीच्या शाकाहारी कुटुंबानं हे जाणूनच जावं. पण ग्वांगझू हे बौद्ध शहरही आहे. उज्जैनचा बौद्ध भिक्षू परमार्थ ५४६मध्ये याच किनाऱ्यावर उतरला, त्यानं संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरं केली आणि ५६९मध्ये इथेच देह ठेवला. बोधिधर्म इथे उतरला अशी परंपरा सांगतात, त्याची जागा दाखवतात. विहारांच्या परंपरेतून आलेली शाकाहारी उपाहारगृहं आजही आहेत आणि त्यांचा नियम आपल्यापेक्षा कडक: कांदा नाही, लसूण नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घराला तो चटकन कळेल. मशरूम, टोफू, कमळाचा कंद, शेंगा घालून केलेली अर्हतांची भाजी चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी मांसाहारी घरांतही होते. त्यात साधी पेज, लसणीत परतलेली चोय सम ही पालेभाजी आणि आल्याचं दूध मिळवलं की दोन-तीन दिवस उपाशी राहायची वेळ येत नाही.

अळणी लागतं, ही तक्रार मात्र मी मान्य करत नाही. वाफवलेल्या माशावर आल्याच्या आणि पातीच्या काड्या, वर कडकडीत तेल आणि थोडा सोया. पापलेट ताजं असेल तर कोळीणही त्याला मीठ-हळदीपलीकडे फारसं काही लावू देत नाही. पांढऱ्या कोंबडीची कथा तीच. उकळी न येऊ देता पाण्यात शिजवायची, थंड पाण्यात टाकून कातडी ताठ करायची, आल्या-पातीच्या तेलाबरोबर वाढायची. हे अन्न चव लपवत नाही, म्हणून जिन्नस शिळा असेल तर लगेच उघडं पडतं. तिखटाची सवय असलेल्या जिभेला दोन जेवणं द्यावी लागतात, तिसऱ्याला फरक कळू लागतो.

राहता राहिलं राजकारण. १९६२ आहे, जून २०२०चं गलवान आहे, आणि ज्यांच्या घरातला माणूस सीमेवर उभा आहे त्यांनी चीनला जायचं नाही म्हटलं तर त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही. पण इतिहासात मुंबई ग्वांगझूचं देणं लागते, हेही विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून ग्वांगझूला गेली. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह अनेक व्यापाऱ्यांची संपत्ती या व्यापारातून उभी राहिली आणि त्या पैशातून मुंबईला रुग्णालयं, कलाशाळा मिळाल्या. १८३९मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू यांनी हुमेन इथे जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्यात मुंबईहून गेलेला मालही होता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९३८मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघून हाँगकाँगमार्गे ग्वांगझूलाच पोहोचलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे एम. आर. चोळकर होते. सुन यत-सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. पुढच्याच महिन्यात शहर जपान्यांच्या हाती पडलं. कोटणीस परतले नाहीत. या शहराशी मराठी माणसाचा संबंध निव्वळ वैराचा किंवा निव्वळ स्वस्त मालाचा नाही, हे यावरून पुरेसं स्पष्ट व्हावं.

स्वस्त मालासाठी जाणारे मात्र आज सर्वाधिक आहेत. १९५७पासून वर्षातून दोनदा भरणाऱ्या कँटन फेअरला वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, भिवंडी, उल्हासनगर इथून कारखानदार आणि आयातदार जात आले आहेत. शरद ऋतूतली जत्रा १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर अशी भरते, म्हणजे अनेकदा ऐन दिवाळीत. २०२०पासून बंद असलेली थेट विमानं २०२५च्या ऑक्टोबरअखेर कोलकात्याहून आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीहून पुन्हा सुरू झाली, त्यामुळे ही ये-जा वाढणार. ही मंडळी दिवसभर प्रदर्शनात फिरतात आणि रात्री भारतीय उपाहारगृहात पनीर आणि नान खातात. थकलेल्या माणसाला ओळखीचं अन्न हवं असतं, त्यात गैर काही नाही. सहल नेणाऱ्या कंपन्यांना मात्र ही सबब चालू नये. प्रवाशाकडून शहर दाखवण्याचे पैसे घ्यायचे आणि पाचही दिवस बुफेमध्ये पोहे-उपमा द्यायचा, यात ग्वांगझूचा अर्धा भाग बघायचाच राहतो.

या शहरात ह्वांगपूच्या जुन्या बंदराशी दक्षिणसागर देवाचं मंदिर आहे, ५९४मध्ये स्थापन झालेलं. तिथे एका परदेशी पाहुण्याची मूर्ती आहे, कपाळावर हात धरून समुद्राकडे पाहणारी. दंतकथा सांगते की तो भारताकडून आला होता, त्यानं मंदिराच्या अंगणात फणसाची रोपं लावली आणि तेवढ्यात त्याचं जहाज निघून गेलं. खरं-खोटं कोणी ठरवू शकत नाही, पण फणस ओळखणाऱ्या कोकणच्या माणसानं तिथे जायलाच हवं.

तेव्हा सहल ठरवणाऱ्यांना एक विनंती. ग्वांगझूतल्या किमान एका सकाळी हॉटेलचा नाश्ता रद्द करा आणि सगळ्यांना साडेसातला एखाद्या जुन्या चहागृहात न्या. मांसाहाऱ्यांसाठी हार गाव आणि होडीची पेज मागवा. शाकाहाऱ्यांसाठी साधी पेज आणि लसणीची चोय सम आधीच सांगून ठेवा, ऑइस्टर सॉस नको हे चिनी लिपीत लिहून द्या. दुपारी सगळ्यांनी मिळून आल्याचं दूध खा. बॅगेतला चिवडा परतीच्या विमानासाठी राहू द्या.